बेघर शेजारी आणि आमचे शिकणारे तरुण

(मंडळीच्या सभेत व तरुण संघात शिकविण्यासाठी अभ्यासपाठ)

बेघर हा शब्द कानी पडला की आपल्या मनापुढे मुंबई-पुण्यासारखी शहरे उभी राहतात. पुलाखाली निजलेली कुटुंबे, स्थानकाच्या फलाटावर उशाला गाठोडे घेऊन पडलेला म्हातारा, हे चित्र आपण पाहिलेले असते; आणि आपण म्हणतो, हे शहराचे दुःख आहे, आपल्या बीड जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे, हे आम्ही ह्या पाठात दाखवू इच्छितो. तसेच बेघर लोकांच्या कामी महाविद्यालयांत शिकणाऱ्या तरुणांनी पूर्वी काय केले व आपल्या मंडळ्यांतील मुलामुलींस आज काय करता येईल, ह्याचाही विचार करू. उपदेशक बंधुभगिनींनी हा पाठ दोन बैठकींत विभागून घ्यावा. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

१. बेघर कोणास म्हणावे?

सरकारी जनगणनेत बेघर ह्या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. जे लोक कोणत्याही इमारतीत किंवा घरात राहत नाहीत, तर रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या किंवा स्थानकाच्या आवारात उघड्यावर राहतात, ते बेघर होत. सन २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री अशा लोकांची गणती करण्यात आली. सर्व देशात ते १७ लाखांहून अधिक भरले. त्यांपैकी ८ लाखांहून अधिक ग्रामीण भागात होते, म्हणजे जवळजवळ निम्मे. तेव्हा हा केवळ शहराचा प्रश्न आहे हे म्हणणे येथेच खोटे ठरते.

परंतु सरकारी व्याख्येच्या पलीकडेही पाहिले पाहिजे. आमच्या मते आपल्या जिल्ह्यात बेघर लोक तीन प्रकारचे आढळतात.

पहिला प्रकार, ज्यांस छप्परच नाही. बसस्थानकावर, देवस्थानाच्या पायऱ्यांवर, बाजाराच्या ओट्यावर निजणारे लोक ह्यात येतात. पाले ठोकून गावोगाव हिंडणारी भटकी कुटुंबे ह्यांतच मोडतात.

दुसरा प्रकार, ज्यांस घर आहे, परंतु पोटासाठी त्याला कुलूप लावावे लागते. हे आपले ऊसतोड कामगार. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी दसरा-दिवाळीच्या सुमारास नवराबायको मिळून एक कोयता होऊन निघतात, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा कर्नाटक ह्या बाजूंस जाऊन सुमारे सहा महिने कोपीत काढतात. कोपी म्हणजे काय हे ह्या जिल्ह्यातल्या वाचकांस सांगावयास नको. बांबू, चटई, पाचट व वर ताडपत्री. दार नाही, दिवा नाही, न्हाणीघर नाही. वर्षातून अर्धे दिवस असे काढणारे लाखो लोक आपल्या जिल्ह्यात आहेत. सरकारी यादीत ते घरवाले आहेत. पण जानेवारीच्या थंडीत त्यांच्या तान्ह्या मुलास घर काय कामाचे?

तिसरा प्रकार, ज्यांच्या गावात घरे आहेत, परंतु एकही दार त्यांच्यासाठी उघडत नाही. मुलगा व सून ऊस तोडावयास गेल्यावर एकटी मागे राहिलेली म्हातारी, नवऱ्याने टाकलेली बाई, आईबाप नसलेले मूल, मन बिघडल्यामुळे घरातून निघून गेलेला मनुष्य, हे सर्व ह्या प्रकारात येतात.

ह्या तिन्ही प्रकारांचा एकमेकांशी संबंध आहे. दोन-तीन दुष्काळ लागोपाठ पडले, उचल फिटली नाही, किंवा घरचा कर्ता मनुष्य अपघातात गेला, म्हणजे दुसऱ्या प्रकारातले कुटुंब पहिल्या प्रकारात जाते. शहराच्या पदपथाला जाणारी वाट पुष्कळदा अशाच कुलूप लावलेल्या घरापासून सुरू होते.

२. नागपाड्याचे घर

आता विद्यार्थ्यांकडे वळू. ह्या देशात समाजसेवेचे शास्त्रशुद्ध शिक्षण प्रथम कोठे सुरू झाले, हे आपल्या मराठी मंडळ्यांतील थोड्यांसच ठाऊक असेल. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे १९२५ साली मुंबईस आले. भायखळ्याजवळ नागपाडा म्हणून दाट वस्तीचा भाग आहे. तेथे गिरणीकामगार, गोदीकामगार, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी असे नाना प्रकारचे गरीब लोक राहत. ह्या वस्तीत मिशनने १९२६ साली नागपाडा नेबरहुड हाऊस, म्हणजे शेजाऱ्यांचे घर, स्थापन केले. धर्म व जात न विचारता सर्व शेजाऱ्यांसाठी ते खुले होते.

ह्याच घरात १९३६ साली सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाच्या न्यासाने समाजकार्य शिकविणारी पदव्युत्तर शाळा सुरू केली. मॅनशार्ट हेच तिचे पहिले प्रमुख होते. पहिल्या वर्गात २० विद्यार्थी होते. शाळा वस्तीच्या मध्यभागी असल्यामुळे पुस्तकात वाचलेले दारिद्र्य व दाराबाहेरचे दारिद्र्य ह्यांमध्ये फक्त एक उंबरठा होता. १९४४ साली ह्या शाळेस टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले. पुढे ती देवनार येथे गेली, आणि १९८६ पासून आपल्या शेजारच्या जिल्ह्यात तुळजापूर येथेही तिची शाखा आहे.

ह्या संस्थेच्या कामाची दोन फळे येथे सांगण्याजोगी आहेत. १९९६ साली तिच्या एका प्रकल्पातून मुंबईत मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी सुरू झाला. घरातून पळालेले, टाकलेले किंवा मार खाणारे मूल कोणासही दिसले, तर ह्या क्रमांकावर पैसे न पडता कळविता येते. आज ही सेवा सर्व देशात चालते. दुसरे, २००६ साली संस्थेने कोशिश नावाचा प्रकल्प हाती घेतला. भीक मागतो म्हणून कायद्याने पकडून ठेवलेल्या लोकांस भेटणे, त्यांचे ऐकून घेणे, त्यांस काम व निवारा मिळवून देणे, हे त्याचे कार्य होय.

३. प्रथम गणती, मग मदत

१९८१ च्या जुलै महिन्यात त्या वेळच्या राज्य सरकारने मुंबईच्या पदपथांवरील लोकांस उठवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचा हुकूम काढला. भर पावसाळ्यात झोपड्या मोडण्यात आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असे न्यायालयाने मान्य केले. मात्र कायद्याच्या रीतीने झोपड्या हलविता येतील असेही ठरविले, आणि पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, मुदत दिली.

त्या वेळी सर्वांच्या तोंडी एकच वाक्य होते की, हे लोक आज येतात व उद्या जातात. ह्यांची मोजदाद कोण करणार? नागपाड्याच्या घरात पूर्वी काम केलेल्या काही समाजसेवकांनी १९८४ साली स्पार्क नावाची संस्था काढली होती. तिच्या संस्थापकांपैकी शीला पटेल ह्या वर सांगितलेल्या संस्थेतच शिकलेल्या. ह्या लोकांनी १९८५ साली पदपथावरील स्त्रियांस बरोबर घेऊन झोपडीझोपडीला भेट दिली व सुमारे ६,००० कुटुंबांची माहिती लिहून काढली. त्यातून काय दिसले? हे लोक उडाणटप्पू नव्हते. पुष्कळ कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच जागी राहून कष्ट करून पोट भरीत होती. आणि सुमारे निम्मे लोक महाराष्ट्राच्याच अति गरीब जिल्ह्यांतून आलेले होते.

वाचकहो, ह्या ठिकाणी थांबून विचार करावा. ज्यांस मुंबईकर परके म्हणत होते, ते खेड्यांतले शेजारी होते. त्या यादीमुळे ते प्रथमच नावानिशी पुढे आले. अनेक वर्षांनी त्यांपैकी काही कुटुंबांस मानखुर्द येथे पक्की घरेही मिळाली. ह्यावरून आमच्या पाठाचा मुख्य मुद्दा असा निघतो: बेघर मनुष्यास मदत करण्याचा आरंभ त्यास काही देण्याने होत नाही, त्याचे नाव विचारण्याने, ते लिहून घेण्याने, आणि पुन्हा त्याच्याकडे परत जाण्याने होतो.

जखमी वाटसरूचा दृष्टान्त सर्व उपदेशकांस पाठ आहे. शोमरोनी मनुष्याने जखमा बांधल्या ह्यावर आपण पुष्कळ बोलतो. परंतु त्याने त्यास उतारशाळेत नेले, रात्रभर जवळ राहिला, पुढच्या खर्चाची तजवीज केली, आणि परत येण्याचा शब्द देऊन गेला, ह्याकडे आपले लक्ष थोडेच जाते. जखम बांधावयास थोडा वेळ पुरतो. परत येण्यास मात्र निष्ठा लागते.

४. आपल्या जिल्ह्यात

बीड जिल्ह्यातही अशी निष्ठा दाखविणारे तरुण निघाले आहेत. आष्टी तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या घरी जन्मलेले संतोष गर्जे ह्यांनी कोवळ्या वयातच, २००४ साली, गेवराई तालुक्यात अनाथ मुलांसाठी बालग्राम सुरू केले. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक व कावेरी नागरगोजे ह्या दांपत्याने शांतिवन उभारले. तेथे ऊसतोड कामगारांची मुले राहून शिकतात. अंबाजोगाई येथे डॉ. द्वारकादास लोहिया ह्यांनी १९८२ साली मानवलोक ही संस्था स्थापिली, आणि समाजकार्य शिकविणारे महाविद्यालयही तिने चालविले. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात वर्गाबरोबर वस्तीत जाऊन काम करणे सक्तीचे असते. म्हणजे नागपाड्यात जी रीत पडली, ती आज आपल्या दाराशी आली आहे.

सरकारनेही काही सोयी केल्या आहेत. आईबाप ऊस तोडावयास गेले म्हणजे मुलांस गावातच ठेवून त्यांच्या जेवणाची व्यवस्था करणारी हंगामी वसतिगृहे शाळांच्या मार्फत चालविली जातात. २०२१ साली संत भगवानबाबा ह्यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. हे सर्व चांगले आहे. परंतु वसतिगृहाची खबर तांड्यावरच्या आईस वेळेवर न मिळाली, तर ती मुलाला कोपीतच घेऊन जाणार. आणि एकदा शाळेतून उठलेले मूल पुन्हा पाटीला क्वचितच हात लावते. मुलगी असेल, तर कोपीत एकटी कशी ठेवावी ह्या भीतीने आईबाप तिचे लग्न लवकर उरकतात. एका निरोपाच्या चुकीने एक आयुष्य वाकडे होते. तो निरोप कोणी पोहोचवावा, हाच आमचा प्रश्न आहे.

५. विद्यार्थ्यांनी काय करावे

आपल्या मंडळ्यांतील मुलेमुली बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी येथील महाविद्यालयांत शिकत आहेत. पुष्कळांचे नाव राष्ट्रीय सेवा योजनेत असते. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तीत विद्यार्थ्याने वर्षास १२० तास सेवा करावयाची असते व सात दिवसांचे शिबिर असते. शिबिरात रस्ता झाडणे, झाडे लावणे ही कामे होतात. ती होऊ द्यावीत. परंतु १२० तासांपैकी ४० तास जरी खाली सांगितल्याप्रमाणे खर्चिले, तरी मोठे काम होईल.

पहिले काम, यादी करणे. चार-पाच जणांनी मिळून, शिक्षकास सांगून, बसस्थानक, बाजार, देवस्थान व पालांची वस्ती ह्यांची एकेक वही करावी. नाव, वय, मूळ गाव, येथे किती दिवस, आजार, कोणते कागद जवळ आहेत, एवढेच लिहावे. न विचारता कोणाचे चित्र काढू नये. भिकारी असे म्हणू नये. बाबा, मावशी, काका असे म्हणावे. मुलींनी रात्री एकट्याने जाऊ नये.

दुसरे काम, कागद. बेघर मनुष्याचा खरा शत्रू थंडीइतकाच कागद आहे. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, आणि ओळखपत्र नाही म्हणून धान्य नाही. तथापि मतदार यादीपुरती निवडणूक आयोगाने वाट ठेविली आहे. बेघराकडून राहण्याचा लेखी पुरावा मागत नाहीत. त्याने सांगितलेल्या जागी तो खरोखर निजतो की नाही, हे पाहण्यास अधिकारी रात्रीच्या वेळी एकाहून अधिक वेळा येतो. म्हणजे सरकारी नियमातसुद्धा परत येणे सांगितले आहे. विद्यार्थ्याने अर्ज भरून द्यावा, आणि अधिकारी येईल त्या रात्री तो मनुष्य जागेवर असेल असे पाहावे.

तिसरे काम, घरकुल. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातील कुटुंबास घरासाठी १,२०,००० रुपये ठरविले गेले. घर निदान २५ चौरस मीटर असावे असा नियम आहे, आणि पाया, भिंती अशा टप्प्यांनी हप्ते खात्यात येतात. ज्यांस जागा नाही त्यांच्यासाठी राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय ह्यांच्या नावाने जागा विकत घेण्यास साहाय्य देणारी निराळी योजना काढली. परंतु यादीत नाव आहे काय, ग्रामसभा कधी आहे, बँकेचे खाते चालू आहे काय, हे विचारण्यास जो ऊसतोडीस गेला आहे तो कोठून येणार? त्याच्या वतीने चौकशी करून त्यास दूरध्वनीने कळविणे, हे शिकलेल्या मुलाचे काम आहे.

चौथे काम, कुलूप लावलेल्या घरांची नोंद. दसऱ्याच्या आधी गावात हिंडून कोणते कुटुंब जाणार, कोणती मुले व म्हातारी माणसे मागे राहणार, हे लिहावे. शाळेच्या गुरुजींस भेटून हंगामी वसतिगृहाच्या यादीत मुलांची नावे घालावीत. एकाकी वृद्धांसाठी १४५६७ हा देशभर चालणारा दूरध्वनी आहे, तो त्यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

पाचवे काम, नगरपालिकेस विचारणे. २०१३ साली शहरांतील बेघरांसाठी जी योजना आली, तीत एक लाख वस्तीमागे १०० माणसांचा कायमचा निवारा असावा असे प्रमाण ठरले होते. २०११ साली बीड शहराची वस्ती १,४६,७०९ होती. तेव्हा आपल्या शहरात निवारा आहे काय, तो रात्री उघडा असतो काय, स्त्रियांसाठी वेगळी जागा आहे काय, हे नम्रपणे लेखी विचारण्याचा विद्यार्थ्यांस अधिकार आहे. वहीतील यादी जोडून केलेल्या अर्जाचे वजन रिकाम्या हाताने केलेल्या तक्रारीहून फार अधिक असते.

६. मंडळीने काय करावे

मुले एकटी टिकत नाहीत. परीक्षा आली की काम थांबते, शिबिर संपले की वही कपाटात जाते. म्हणून प्रत्येक वहीस गावातील एक वडील मनुष्य जामीन असावा. विद्यार्थी परीक्षेस बसला तर त्या महिन्यात उपदेशकाने किंवा बायबल-बाईने यादीतील लोकांस भेटावे. सुगीच्या सणास आलेल्या धान्यातून मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी एक पोते बाजूस काढावे. मंडळीची खोली रिकामी असेल, तर हंगामात मुलांच्या रात्रीच्या अभ्यासासाठी ती उघडावी. ह्यात जात, पंथ पाहू नये. नागपाड्याच्या घराने ते पाहिले नाही.

आणखी एक गोष्ट. पुढील जनगणनेची तिथी १ मार्च २०२७ ही ठरली आहे, म्हणजे ती ऐन ऊसतोडीच्या हंगामात येते. आपल्या गावचे किती लोक त्या वेळी कोपीत असतील ह्याचा विचार करावा. जे जाणार त्यांस आधीच सांगून ठेवावे की, तुम्ही जेथे असाल तेथे आपले व मुलांचे नाव सांगून घ्या. वगळले जाऊ नका.

उबेसाठी पांघरूण द्यावे, भुकेल्यास भाकर द्यावी, ह्याविरुद्ध आमचे काहीच म्हणणे नाही. परंतु पांघरूण देणारा एक रात्र येतो व जातो. ज्याचे नाव आपल्या वहीत आहे, त्याच्याकडे मात्र आपणांस पुन्हा जावेच लागते. आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीस तो मनुष्य आपली खरी हकीकत सांगू लागतो. तेथून खरे काम सुरू होते.

चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या गावात वर सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी कोणते लोक आहेत? त्यांची नावे कोणास ठाऊक आहेत?

(२) यंदा किती घरांस कुलूप लागले? त्या घरांतील मुले कोठे आहेत?

(३) नागपाड्याची शाळा वस्तीच्या मध्यभागी होती ह्याचा विद्यार्थ्यांस काय लाभ झाला असेल?

(४) १९८५ च्या यादीमुळे पदपथावरील लोकांविषयी कोणता गैरसमज दूर झाला?

(५) आपल्या मंडळीतील कोणता विद्यार्थी वही धरील, व त्याचा जामीन कोण होईल? नावे ह्याच बैठकीत लिहून ठेवावीत, व एका महिन्याने ती पुन्हा वाचावीत.